समाधानाची टक्केवारी आणि दिरंगाईच्या तारखा

गोदावरीच्या काठी वसलेल्या कोपरगावची महाराष्ट्राला ओळख आहे ती ऊस आणि साखर यांमुळे. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथील सहकारी साखर कारखाने, सहकाराच्या आधीच्या खासगी साखरधंद्याची आठवण देणारी साकरवाडी, उसाच्या पैशाभोवती वाढलेल्या बँका व पतसंस्था आणि त्यांच्या जोडीला वाणिज्यापासून अभियांत्रिकी व व्यवस्थापनापर्यंतचे शिक्षण देणारी महाविद्यालये, एवढा मोठा संसार एकाच तालुक्यात नांदताना क्वचितच आढळतो. उद्योग आणि विद्या एकमेकांच्या इतक्या शेजारी राहत असताना एक प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. या संस्था आपल्या सभासदांना, ठेवीदारांना आणि ग्राहकांना जी सेवा देतात, तिचा अभ्यास कोण करतो, कशा रीतीने करतो आणि त्या अभ्यासाचे पुढे काय होते?

अभ्यास होत नाही असे म्हणता येणार नाही. किंबहुना 'सेवेची गुणवत्ता' आणि 'माहिती प्रणाली' हे व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे गेल्या काही दशकांतील सर्वांत आवडते विषय आहेत. राज्यातील कोणत्याही विद्यापीठाच्या कक्षेत पाहावे, उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे एखाद्या बँकेत वा कारखान्यात काढून विद्यार्थी प्रकल्प अहवाल लिहितात. पीएच.डी.च्या प्रबंधांतही हे विषय वारंवार आढळतात. अशा बहुसंख्य अहवालांची घडणही सर्वांच्या परिचयाची आहे. शंभर-दीडशे ग्राहकांकडून एक प्रश्नावली भरून घ्यावयाची, 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंतच्या पाच रकान्यांतील खुणा मोजावयाच्या, त्यांची रंगीत वर्तुळे काढावयाची आणि अखेरीस असा निष्कर्ष नोंदवावयाचा, की ग्राहक एकंदरीत समाधानी आहेत, तथापि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे आणि वाहने उभी करण्याची सोय वाढवावी. अहवालाला कापडी बांधणी होते, तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात आणि अहवाल ग्रंथालयाच्या कपाटात जातो. ज्या संस्थेविषयी तो लिहिला, तिच्या कारभारात त्यामुळे एक टाचणीही हलत नाही.

या पद्धतीचा उगम

या प्रश्नावलीचा जन्म अमेरिकेतला आहे. भारतात शिकून तेथे स्थायिक झालेले ए. परशुरामन आणि त्यांचे सहकारी व्हॅलरी झाइथामल व लिओनार्ड बेरी या तिघांनी १९८५ मध्ये सेवेच्या गुणवत्तेची एक मांडणी केली आणि १९८८ मध्ये ती मोजण्याचे साधन सिद्ध केले. 'सर्व्हक्वाल' या नावाने ते जगभर गेले. ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांत जी तफावत पडते, तिलाच त्यांनी सेवेच्या गुणवत्तेचे माप मानले. दृश्य सोयी, विश्वासार्हता, तत्परता, आश्वासकता आणि आत्मीयता अशी पाच अंगे कल्पून त्यांवर २२ विधाने रचण्यात आली. त्यांचा मूळ अभ्यास बँका, क्रेडिट कार्ड कंपन्या, रोखे दलाल आणि यंत्रदुरुस्ती अशा अमेरिकी सेवांपुरता होता, ही गोष्ट मात्र पुढे अनेकांच्या विस्मरणात गेली.

या साधनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालाप्रमाणे सेवा तपासता येत नाही, ती दिली जाते त्याच क्षणी संपते, आणि म्हणून ती घेणाऱ्याला काय वाटले हे विचारलेच पाहिजे, हा विचार त्या काळी नवा आणि न्याय्य होता. गिऱ्हाइकाला बोलू द्यावे, ही त्यातील लोकशाही वृत्ती आहे. तथापि खुद्द अमेरिकेतच या साधनावर लवकरच टीका झाली. जे. जोसेफ क्रोनिन आणि स्टीव्हन टेलर यांनी १९९२ मध्ये अपेक्षेचा भाग गाळून केवळ अनुभवच मोजावा असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी विल्यम डीलोन आणि एफ्रेम मॅक्लीन यांनी संगणकीय माहिती प्रणाली यशस्वी झाली हे कसे ओळखावे याची मांडणी केली, आणि २००३ मध्ये तिच्यात सुधारणा करताना प्रणालीची गुणवत्ता व माहितीची गुणवत्ता यांच्या शेजारी सेवेची गुणवत्ताही आणून बसविली. गिऱ्हाइकाला काय वाटते आणि संस्थेच्या दप्तरात काय लिहिलेले असते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून चालणार नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले. आपल्याकडील अनुकरणात नेमका हाच धडा सुटला. प्रश्नावली तेवढी आली, आणि दप्तर बंदच राहिले.

अपेक्षा हरपलेला ग्राहक

अपेक्षा आणि अनुभव यांच्या वजाबाकीवर आधारलेले गणित आपल्या ग्रामीण संस्थांना लावताना एक मोठी अडचण येते. ज्याची अपेक्षा पाच आणि अनुभवही पाच, त्याची तफावत शून्य. ज्याची अपेक्षा दोन आणि अनुभवही दोन, त्याचीही तफावत शून्यच. वर्षानुवर्षे खिडकीसमोर ताटकळत राहिलेल्या माणसाची अपेक्षा आपोआप खाली येते. 'उद्या या' हे उत्तर त्याला इतके अंगवळणी पडलेले असते, की एखाद्या दिवशी त्याचे काम दुसऱ्याच हेलपाट्यात झाले तर तो मनापासून समाधानी होतो आणि प्रश्नावलीत तशी खूणही करतो. हे समाधान खोटे नसते. परंतु त्यावरून सेवा चांगली आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे सवयीला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र देणे होय.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ही प्रश्नावली ज्या ग्राहकासाठी रचली गेली, तो नाराज झाला तर दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. सहकारी कारखान्याचा ऊस उत्पादक हा त्या अर्थाने गिऱ्हाईक नव्हे. तो कारखान्याचा सभासद म्हणजे मालक आहे, तोच कच्चा माल पुरविणारा आहे आणि तोडणी, वाहतूक, बियाणे, खते, उचल या बाबतींत सेवा घेणाराही तोच आहे. झोनबंदी उठून बराच काळ लोटला असला, तरी ऊस एकदा तोडला म्हणजे तासागणिक त्याचे वजन आणि त्यातील साखर घटत असते, आणि तो घेऊन दारोदार हिंडता येत नाही. त्यातच विद्यार्थ्याच्या हातातील कागद हा कारखान्याने पाठविलेला आहे की महाविद्यालयाने, याविषयी त्याच्या मनात शंका असते. पुढच्या हंगामात तोडणीसाठी ज्याच्याकडे जावयाचे, त्याच्याविषयी आज 'पूर्णपणे असमाधानी' असे कोण लिहील?

चार तारखा

म्हणून उसाच्या बाबतीत सेवेची गुणवत्ता मोजण्याचा मार्ग मतांपेक्षा नोंदींतून जातो. सुदैवाने या धंद्याइतकी नोंद दुसऱ्या कोणत्या शेतीधंद्यात होत नसेल. लागण झाली की शेतकी खात्याकडे क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख यांची नोंद होते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचा क्रम लावून तोडणीचा कार्यक्रम ठरतो. तोडणीची चिठ्ठी निघते, टोळी फडात जाते, वाहन काट्यावर येते, भरलेले आणि रिकामे वजन होऊन पावती मिळते, पंधरवड्याचे बिल तयार होते आणि रक्कम बँकेत जमा होते. यांतील बहुतेक टप्पे आता संगणकावर नोंदले जातात, आणि काट्याची पावती तर वेळेसह छापली जाते.

यातून चार तारखा हाती येतात. लागणीची, तोडणीची, वजनाची आणि पैसे मिळाल्याची. पहिली दुसरीतून वजा केली म्हणजे उसाला फडात किती महिने उभे राहावे लागले ते कळते, आणि क्रमाने तोड झाली की कोणाची आधी व कोणाची नंतर, तेही कळते. दुसरी तिसरीतून वजा केली म्हणजे तोडलेला ऊस किती वेळ वाळला ते कळते. तिसरी चौथीतून वजा केली म्हणजे कायदा पाळला गेला की नाही ते कळते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे, आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देणे आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर ठरविला. या दरातून महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. दर किती यावर दरवर्षी आंदोलने होतात, आणि ती व्हावीतही. परंतु तोच दर किती दिवसांनी हाती पडला आणि तोड लांबल्याने किती टन वजन फडातच जिरले, याचा हिशेब शेतकऱ्याच्या दृष्टीने कमी महत्त्वाचा नाही. तोड लवकर मिळावी म्हणून टोळीला वा वाहनचालकाला द्यावी लागणारी 'खुशाली' ही राज्यभरची तक्रार आहे. क्रम कुठे मोडला हे नोंदीतून दिसू लागले, तर त्या तक्रारीला चर्चेपलीकडचा आधार मिळेल.

यासाठी उच्च गणिताची गरज नाही. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येणारी वजाबाकी आणि सरासरी पुरेशी आहे. गरज आहे ती नोंदी पाहावयास मिळण्याची.

खिडकीवर न दिसणारी गोष्ट

बँका आणि पतसंस्थांच्या बाबतीत मतांच्या मोजमापाची मर्यादा अधिक विदारक रीतीने प्रत्ययास आली आहे. याच जिल्ह्यातील शतकाहून जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. त्याआधी, २०१९ मध्ये, मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सादर केलेल्या कर्जखात्यांच्या यादीत २१ हजारांहून अधिक बनावट खाती घुसडल्याचा आरोप फिर्यादीत नोंदला गेला. अशा बँकांच्या ग्राहकांना आदल्या महिन्यात प्रश्नावली दिली असती, तर काय निष्पन्न झाले असते? पासबुक वेळेवर भरून मिळते, कर्मचारी नावाने हाक मारतात, शाखा घराजवळ आहे, अशी उत्तरे मिळून समाधानाची टक्केवारी चांगलीच भरली असती. ग्राहक खोटे बोलला नसता. त्याला खिडकी दिसत होती. कर्जाचे खाते दिसत नव्हते.

'आश्वासकता' हे त्या अमेरिकी मांडणीतील एक अंग आहे. परंतु आश्वासकता कर्मचाऱ्याच्या बोलण्यात नसून वहीत असते, हे ठेवीदाराला फार उशिरा समजते. बँकेतील ठेवीला निदान पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, आणि ती मर्यादाही २०२० पर्यंत एक लाखच होती. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना ते केंद्रीय विमा महामंडळाचे संरक्षण मुळीच नाही. जेथे निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी आणि शेतकऱ्याचे उसाचे बिल पतसंस्थेत ठेवले जाते, तेथे सेवेच्या गुणवत्तेचा अर्थ वातानुकूलित दालनात शोधून चालणार नाही. दिलेल्या कर्जांपैकी किती मुदतीत वसूल झाली, संचालकांशी संबंधित कर्जे किती, तक्रार आल्यापासून निकाली निघेपर्यंत किती दिवस गेले, ही माहिती ठेवीदाराला समजेल अशा भाषेत मिळणे हीच येथे सेवेची पहिली अट होय.

असे मोजमाप परके आहे, असेही कोणी म्हणू नये. बँकांतील ग्राहकसेवेचा विचार भारतात अमेरिकी प्रश्नावलीच्या दशकभर आधी सुरू झाला होता. १९७५ मध्ये केंद्र सरकारने आर. के. तलवार यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला. पुढे १९९० मध्ये रिझर्व्ह बँकेने गोईपोरिया समिती आणि २०१० मध्ये दामोदरन समिती नेमली. अमुक काम अमुक मिनिटांत, अशी वेळ सांगणारे फलक बँकांच्या भिंतींवर लागले ते याच विचारपरंपरेतून. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने तर अधिसूचित शासकीय सेवांसाठी दिवसांची मुदत, अपिले आणि कसूर करणाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद केली. या सर्वांमागचे तत्त्व एकच आहे. सेवा दिवसांत आणि मिनिटांत मोजावी, आणि मोजमाप सर्वांना दिसावे. आपल्या विद्यापीठीय संशोधनाने मात्र या देशी परंपरेकडे पाठ फिरवून परदेशी प्रश्नावलीचे भाषांतर करणेच पसंत केले.

गोदावरीच्या पाटावरील धडा

कोपरगावच्या मातीला तर याहून मोठी परंपरा आहे. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनी या भागाचे अर्थकारण पालटले. पाण्याने नेमके काय बदलले, याचा शोध घेण्यासाठी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रदेशाची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटबंधाऱ्यांचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ मोजण्याचा भारतातील तो एक आद्य प्रयत्न समजला जातो. शेतकऱ्याला 'आपण कालव्याविषयी समाधानी आहात काय' असे विचारून ती पाहणी थांबली नाही. पीक, खर्च, उत्पन्न, मजुरी अशा मोजता येण्याजोग्या गोष्टी तिने गोळा केल्या. पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या शेतकरी नेत्याच्या बरोबरीने गाडगीळच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. विद्यापीठीय अभ्यासक आणि कारखान्याचे दप्तर यांच्यामध्ये त्या काळी भिंत नव्हती, आणि त्या जवळिकीमुळे दोघांचेही नुकसान झाले नाही.

अलीकडच्या काळातही एक उदाहरण आहे, तेही साखर कारखान्याचेच. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या साहाय्याने 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. परिसरातील सत्तरएक गावांत संगणक बसविण्यात आले. शेतमालाचे भाव, शेतीचा सल्ला, शिक्षण, दाखले अशी अनेक कामे त्यांवर होतील अशी आशा होती. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेचे अभ्यासक तेथे गेले. त्यांनी संगणकावर प्रत्यक्षात काय चालते ते पाहिले, आणि त्यांना आढळले की वापर मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरताच आहे. तेवढ्यासाठी संगणकच हवा असे नाही, हे ओळखून त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइल फोनवरील संदेशांची पद्धत चालवून पाहिली. ती स्वस्त पडली आणि शेतकऱ्यांना सोयीचीही वाटली. त्या प्रयोगाचा निबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तंत्र आज जुने झाले आहे, परंतु रीत जुनी झालेली नाही. आधी वापर पाहावा, मग नोंद तपासावी आणि मत शेवटी विचारावे, ही ती रीत होय.

दोष कोणाचा?

मग असे संशोधन तालुक्यातालुक्यांत का होत नाही? त्याचे खापर विद्यार्थ्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. संस्थेच्या दारात गेलेल्या विद्यार्थ्याला व्यवस्थापक चहा देतो, कारखाना दाखवितो, प्रमाणपत्रही देतो; दप्तर मात्र दाखवीत नाही. निवडणुकीच्या राजकारणात गुंतलेल्या संचालक मंडळांना आकड्यांचे भय वाटते. विरोधी पॅनेलच्या हाती एखादा तक्ता पडला तर काय, ही चिंता त्यांना सतावते. अशा वेळी विद्यार्थ्यापुढे प्रश्नावलीखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

विद्यापीठीय व्यवस्थेचा वाटाही लहान नाही. प्राध्यापकांची बढती आणि संशोधकाची पदवी निबंधांच्या संख्येला बांधली गेली, आणि निबंध छापणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या तपासणीत, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी अवघी ११२ कसोटीला उतरली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. अशा बाजारात दोन महिने काट्यावरच्या नोंदी लावीत बसणारा अभ्यासक मागे पडतो, आणि शंभर प्रश्नावल्यांतून तीन निबंध काढणारा पुढे जातो. जे मोजले जाते तेच पिकते, हा नियम विद्यापीठालाही लागू आहे.

नोंदी उघडण्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, सभासदाच्या खासगीपणाचा. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे आणि कोणाचे बिल किती, कोणावर कर्ज किती, हे गावभर होणे कोणालाच रुचणार नाही. परंतु येथे नावांची गरजच नाही. नाव, खाते क्रमांक आणि गट क्रमांक वगळून केवळ तारखा, गाव आणि वजन दिले तरी अभ्यास होतो. उलट, सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने पूर्वीच दिलेला आहे. तो किती जण बजावतात, हाच एक संशोधनाचा विषय होऊ शकेल.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांचा आहे, आणि तो अधिक सहानुभूतीने ऐकला पाहिजे. दिरंगाई मोजली जाऊ लागली की बोट प्रथम खिडकीवरच्या लिपिकाकडे वळेल, अशी भीती त्यांना वाटते. १९८३-८४ मध्ये रंगराजन समितीच्या वेळी बँकांत संगणक आणण्याची चर्चा झाली, तेव्हाही कर्मचारी संघटनांच्या मनात अशीच धास्ती होती. तथापि नोंद नीट वाचली तर ती लिपिकाच्या बाजूनेच साक्ष देण्याचा संभव अधिक. अर्ज खिडकीवर एक दिवस राहिला आणि वरच्या टेबलावर सोळा दिवस पडून होता, हे संगणकावरील वेळेवरून सिद्ध होते. प्रश्नावलीत मात्र 'कर्मचारी तत्पर आहेत काय' या एका वाक्यात सारा दोष खिडकीवरच्या माणसाच्या माथी बसतो, कारण ग्राहकाला दिसतो तो तेवढाच. मतांच्या मोजमापाने लिपिकाला आजवर जेवढे शब्द ऐकावे लागले, तेवढे तारखांच्या मोजमापाने ऐकावे लागणार नाहीत. मात्र हा अभ्यास कामाच्या रचनेचा असावा, माणसांच्या शिक्षेसाठी वापरला जाऊ नये, हे प्रारंभीच लेखी ठरले पाहिजे.

काय करता येईल

कोपरगावसारख्या ठिकाणी प्रारंभ करणे अवघड नाही. तालुक्यातील महाविद्यालये आणि सहकारी संस्था यांनी आपसात करार करावा आणि दरवर्षी एकच प्रश्न हाती घ्यावा. एका वर्षी तोडणीचा क्रम, दुसऱ्या वर्षी पतसंस्थेतील तक्रारींचा निपटारा, तिसऱ्या वर्षी नगरपालिकेचे पाणी. पाटाच्या आवर्तनावर भरणाऱ्या साठवण तलावांतून पाणी घेणाऱ्या या शहराला नळाला पाणी किती दिवसांनी आले याचा वर्षभराचा तक्ता हा कोणत्याही समाधान-निर्देशांकापेक्षा अधिक बोलका ठरेल. एका तुकडीने सोडलेले काम पुढच्या तुकडीने उचलावे, म्हणजे पाच वर्षांत तुलना करण्याजोगी सामग्री जमेल. आज प्रत्येक विद्यार्थी शून्यापासून आरंभ करतो आणि शून्यापाशीच थांबतो.

अहवाल मराठीत लिहिले जावेत, ही दुसरी अट. ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिण्याने संशोधनाची प्रतिष्ठा वाढत नाही. तिसरी अट अशी, की अहवालाचा दोन पानी गोषवारा संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जावा. मंजूर, मंजूर असे म्हणत सभा उरकण्याची जी रूढी पडली आहे, तिला त्यामुळे थोडा तरी अडथळा होईल. विद्यापीठाने आपल्या बाजूने अशा अहवालाला निबंधाइतके गुण द्यावेत. त्याला जोड म्हणून प्रश्नावलीही राहावी, परंतु तिचा क्रम दुसरा असावा. नोंद सांगते की पैसे एकविसाव्या दिवशी मिळाले. त्या एकवीस दिवसांत घरात काय अडले, कोणाकडून हातउसने घ्यावे लागले, हे मात्र माणसालाच विचारावे लागते. तेथे मताला किंमत आहे, कारण ते वस्तुस्थितीच्या शेजारी उभे राहते.

संगणकावर खर्च होणाऱ्या पैशाकडे पाहिले तर या प्रश्नाची निकड ध्यानात येते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावोगावच्या सोसायट्यांची दप्तरे त्यामुळे यंत्रात जाऊ लागली आहेत. यंत्र बसले म्हणजे सेवा सुधारली असे मानण्याची चूक वारणेच्या अनुभवानंतर तरी होऊ नये. वहीत दडलेली दिरंगाई संगणकातही तितकीच सुखाने दडून राहू शकते. फरक एवढाच, की संगणकात तिची तारीख कायम राहते आणि कोणी विचारले तर ती सांगता येते.

विचारणारा कोण, हा खरा प्रश्न आहे. ते काम संचालक करणार नाहीत, सरकारी लेखापरीक्षकाला तेवढा वेळ नाही आणि एकट्यादुकट्या सभासदाची ती शक्ती नाही. गावातील महाविद्यालयाला ते करता येते. त्याच्याकडे दरवर्षी नवी तरुण माणसे येतात, त्यांतील अनेकांच्या घरचा ऊस त्याच काट्यावर जातो आणि त्यांच्या शिक्षणाचे शुल्क बहुधा त्याच बिलातून भरले जाते. आपल्या वडिलांचे बिल किती दिवसांनी आले, हे ज्याला घरी ठाऊक असते, त्यालाच महाविद्यालयात परदेशी बावीस विधानांचे भाषांतर करावयास लावणे हा विद्येचा अपव्यय आहे. तो थांबविण्यासाठी कपाटाची किल्ली संस्थांनी द्यावी लागेल आणि ती मागण्याचे धैर्य प्राध्यापकांनी दाखवावे लागेल.